लंडनला आपला रेडिओ का लागत नाही?

मी अर्नाळ्याहून बोलते आहे.

माझी मधली लेक लग्नानंतर लंडनला गेली. एकदा तिचा फोन आला तेव्हा मी बोंबील वाळत घालत होते आणि बाजूला मोबाइलवर रेडिओ चालू होता. रेडिओ गार्डन नावाचं ॲप आहे. पृथ्वीचा गोल दिसतो, त्यावर हिरवे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचं स्टेशन लागतं. मी म्हटलं, "तूही लाव, दोघी एकच गाणं ऐकू." तर म्हणाली, "आई, मला इथे फक्त इथलीच स्टेशनं लागतात. मुंबईचं लागतच नाही."

मला वाटलं, तिचा फोन बिघडला. पण फोन ठीक होता. २०२२ पासून ब्रिटनमध्ये त्या ॲपवर बाहेरच्या देशांची स्टेशनं बंद आहेत. त्याआधी सोनी आणि वॉर्नर या गाण्यांच्या कंपन्यांनी ट्यूनइन नावाच्या दुसऱ्या एका ॲपवर लंडनच्या कोर्टात दावा लावला होता. २०१९ ला निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला, २०२१ ला अपिलातही मुख्य मुद्दा टिकला.

मुद्दा असा. आपण हळदीला मांडववाल्याकडून भांडी भाड्याने आणतो. तीच भांडी परस्पर दुसऱ्या गावच्या लग्नाला पाठवली, तर तो पुन्हा भाडं मागणारच ना? स्टेशन आपल्या देशात वाजवण्यापुरते गाण्याचे पैसे भरतं. ते गाणं ब्रिटनमधल्या श्रोत्यांपुढे मांडायचं तर तिथली परवानगी वेगळी. आमच्या आईच्या काळी रेडिओ सिलोन समुद्रावरून थेट घरात यायचा, त्याला कोण अडवणार? नेटवर मात्र कोण कुठून ऐकतंय ते कळतं, म्हणून दार लावता येतं.

आपल्याकडेही हवा आणि नेट यांत फरक आहेच. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात ३१-ड हे कलम आलं. ठरवून दिलेला दर भरला की रेडिओला गाणं वाजवता येतं, कंपनीच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. विंक या गाण्यांच्या ॲपने म्हटलं, आम्हालाही हीच सवलत द्या. टिप्स कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, ही सवलत रेडिओ आणि टीव्हीला, इंटरनेटला नाही. नेटसाठी कंपनीशी वेगळं बोलायचं, आणि ती नाहीही म्हणू शकते.

याचा फटका आम्हालाही बसला. गटाच्या बायांनी हळदीच्या गाण्यांचा तासाभराचा कार्यक्रम केला. मध्ये हौसेने सिनेमातलं एक गाणं घातलं. रेडिओवर छान झाला. नेटवर टाकला तर दोन दिवसांत आवाज गायब! त्या एका गाण्याचाच नाही, अख्ख्या तासाचा. त्यात माझ्या सासूबाई गायल्या होत्या.

तेव्हा थोडी चौकशी केली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हळदीच्या गाण्याच्या शब्दांवर कोणा एकाची मालकी नसते. पण जी बाई गाते तिचा त्या गाण्यावर कलाकार म्हणून हक्क असतो, पन्नास वर्षं. आणि जो रेकॉर्डिंग करवून घेतो त्याचा रेकॉर्डिंगवर साठ वर्षं. म्हणून कोणी शहरातून येऊन "मावशी, जरा गा ना" म्हणत मोबाइल पुढे धरला, तर आधी विचारा, हे कुठे वाजणार? कागदावर सही मागितली तर वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या. "जगभर", "सर्व माध्यमांत", "कायमचे" असे शब्द दिसले की थांबा. एका चहावर एवढं देऊन टाकायचं नाही.

आमच्या कार्यक्रमातून आम्ही ते सिनेमाचं गाणं काढलं, सगळ्याजणींची लेखी संमती घेतली आणि पुन्हा नेटवर टाकला. या वेळी राहिला. लेकीने लंडनला ऐकला. म्हणाली, "आई, तिसऱ्या कडव्यात आजी शब्द विसरली."

विसरल्याच होत्या.