भीतीला हवा असतो आरोपी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आर्थर रोडच्या रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केल्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. गाठ आलेल्या माणसाला घरातून उचलून रुग्णालयात न्यायचे, असा हुकूम निघाला होता. आणि गिरणगावात बोलले जात होते की तिथे माणसे मरत नाहीत, मारली जातात. रोग्याला उलटे टांगतात, खाली जाळ करतात आणि डोक्यातून ठिबकणारे ‘मोमाई’ नावाचे तेल गोऱ्यांच्या औषधासाठी जमा करतात. दुसरी अफवा याहून नेमकी होती. त्याच महिन्यात मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून व्हिक्टोरिया राणीने मुंबईकरांची काळिजे मागवली आहेत, असे लोक एकमेकांना सांगत होते.

या कामगारांना अडाणी ठरवून आपल्याला पुढे जाता येईल. मला ते मान्य नाही, आणि आजचे सगळे बोलणे त्या अमान्यतेतूनच आलेले आहे. त्यांच्या जागी उभे राहून पाहा. चाळीतल्या खोलीतून काल धडधाकट असलेला भाऊ तापाने फणफणतो. शिपाई येतात, त्याला घेऊन जातात. घरच्यांना फाटकातून आत जाता येत नाही. प्लेगचे बहुसंख्य रोगी दगावत, त्यामुळे पुढचा निरोप येतो तो मृत्यूचा. का मेला, कसा मेला, आत काय केले, हे सांगणारे कुणी नाही. शिवाय रोग कसा पसरतो हे कुणालाच ठाऊक नव्हते. उंदरावरच्या पिसवेमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि ते सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकार गटारे धूत होते, घरांची कौले काढून ऊन आत सोडत होते, माणसे हलवत होते. एवढी धावपळ आणि गुण मात्र नाही! ही मंडळी नक्की कशासाठी आली आहेत, असा प्रश्न पडणे अगदी माणसासारखे होते.

उत्तर नसलेला प्रश्न मन फार काळ बाळगू शकत नाही. आपण सतत कारण शोधत असतो. त्या खोडीवरच माणूस जगला आहे. पण कारण सापडत नाही आणि हातात काहीच उरत नाही, तेव्हा मन विखुरलेल्या गोष्टी जोडू लागते. पुतळ्याचे डांबर, राणीचा राग, बंद फाटक, परत न येणारा भाऊ. जेनिफर व्हिटसन आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी २००८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या हाती काही नाही अशी भावना ज्यांच्यात निर्माण केली होती, त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या गर्दीतही आकृत्या जास्त दिसल्या आणि साध्या घटनांमागे कारस्थान जास्त जाणवले. नंतरच्या संशोधकांना हा परिणाम दरवेळी तितका ठळक मिळाला नाही, हेही सांगायला हवे. तरी दिशा ओळखीची वाटते. कटाची गोष्ट माणसाला एक दिलासा देते: हे आपोआप घडलेले नाही, कुणीतरी घडवले आहे. ज्याने घडवले त्याला निदान धरता तरी येईल.

या बाबतीत आपल्या देशातल्या एका अभ्यासाचे ऋण जगभरच्या मानसशास्त्रावर आहे, आणि त्याची आठवण आपल्याकडे फार कमी ठेवली जाते याची मला खंत आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधल्या भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी पाटण्यात पसरलेल्या अफवा गोळा केल्या. ज्यांना हादरा जाणवला होता, पण ज्यांच्या डोळ्यांसमोर फारशी पडझड झाली नव्हती, त्यांच्यातल्या या अफवा. त्या दिलासा देणाऱ्या असतील असे कुणालाही वाटेल. होत्या नेमक्या उलट: याहून मोठा भूकंप येणार, पाणी येणार, शहर नाहीसे होणार. पुढे १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. तिथल्या लोकांनी नासधूस डोळ्यांनी पाहिली होती. दुर्गानंद सिन्हा यांनी तिथे अभ्यास केला, तेव्हा असल्या भाकितांच्या अफवा त्यांना आढळल्या नाहीत. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले. १९५७ साली आलेल्या त्याच्या प्रसिद्ध सिद्धान्तामागे प्रसादांच्या अफवांनी दिलेली ठिणगी आहे. त्याचे म्हणणे असे की दार्जिलिंगच्या माणसाला आपण का घाबरलो हे समोर दिसत होते. पाटण्याच्या माणसाला घाबरण्याजोगे काही दिसत नव्हते आणि भीती तर जात नव्हती. मग त्या भीतीला शोभेल एवढे संकट मनानेच उभे केले.

म्हणून ‘घाबरू नका, काही नाही’ एवढेच सांगितल्याने अफवा विझत नाही. भीती तिथेच राहते आणि वर सांगणाऱ्याबद्दल शंका येते.

आता या समजुतींनी माणसांच्या वागण्याचे काय केले ते पाहू, कारण खरे नुकसान तिथे आहे. मुंबईत लोक रोगी लपवू लागले. मृत्यूचे कारण भलतेच सांगू लागले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली होती, आणि जाणाऱ्यांबरोबर प्लेगही गावोगाव गेला. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला. मार्चपासून पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरू लागले: देवघरात, माजघरात, बायकांच्या खोल्यांत. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्या इतिहासात मी शिरत नाही. तो तुम्हाला पाठ आहे. सांगायचे एवढेच की जबरदस्तीने अफवा मेली नाही. तिला साक्षीदार मिळाले.

याच गोष्टीतला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. वॉल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस उपयोगी होती. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. प्रत्यक्षात काय झाले होते? बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकमध्ये बुडवला आणि तसाच वापरला. ज्योतीवर धरून निर्जंतुक केला नाही. हाफकिन दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले. पाच वर्षे! १९ घरांना कळले ते इतकेच की साहेबाने सुई टोचली आणि माणूस मेला. त्यांनी लशीविरुद्ध कटाची गोष्ट रचली असती, तर त्यांना मी काय म्हणून दोष देऊ? चुका होतात. पण त्या वेळेवर, उघडपणे सांगितल्या नाहीत तर चुकीची आणि कटाची खूण एकसारखी दिसू लागते.

आणि कट खरेही असतात, हे विसरून चालणार नाही. २०११ मध्ये अबोटाबादेत ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकी गुप्तहेर संस्थेने कावीळ ब च्या लसीकरणाचा बनाव केला. तो उघडकीला आल्यावर पुढच्या वर्षी वझिरिस्तानात तालिबानने पोलिओच्या लसीकरणावर बंदी घातली. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण सापडले. लसीचा डबा घेऊन दारोदार फिरणाऱ्या साध्या बायकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हेरगिरीच्या एका डावाची किंमत कुणी मोजली, ते पाहा.

मग खरा कट आणि कटाची समजूत यांत फरक कसा करायचा? खऱ्या कटाला पुरावा लागतो आणि तो पुराव्याने खोटाही ठरू शकतो. समजुतीला विरोधी पुरावासुद्धा कटाचाच भाग वाटतो. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांना असे दिसले की राजकन्या डायनाने मृत्यूचा बनाव केला असे ज्यांना जास्त पटते, त्यांना तिचा खून झाला हेही जास्त पटते. ती जिवंत आहे आणि तिला मारलेही आहे! दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. पण त्या माणसाचा मूळ विश्वास डायनाबद्दल नाहीच. अधिकारी काहीतरी लपवत आहेत, यावर आहे. म्हणून एकेक दावा खोडत बसलो तर आपण दमतो, तो दमत नाही.

१८९६ चा जमाव निदान बलवानाच्या दारावर गेला होता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला काय झाले? मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आणि चित्रफिती मोबाइलवरून महिनाभर फिरत होत्या. देशभर फिरलेली त्यातली एक चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले. पिढ्यान्‌पिढ्या हाच त्यांचा फिरता मार्ग. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. त्यांच्याकडे ओळखपत्रे होती, पण ती पाहण्याइतकेही कुणी थांबले नाही. भीतीला आरोपी हवा असतो, आणि गावाबाहेरून आलेला, पाठीशी कुणी नसलेला माणूस तिला सर्वांत लवकर सापडतो. भटक्या-विमुक्तांच्या कपाळी ब्रिटिशांनी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का आपण कायद्याने पुसला. मनातून पुसला नाही, याचा तो दिवस पुरावा आहे. मला त्या घटनेबद्दल थंडपणे बोलता येत नाही.

उपाय काय, हे तुम्ही विचारणारच. मला दोन उदाहरणे ठाऊक आहेत. पहिले पुण्याचेच. रँडचे सोजीर पुण्यात घरांत शिरण्याच्या सुमारास, हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रुग्णांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तिथे रोगी आणणारा हात ओळखीचा होता.

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातले. २००२ मध्ये भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण झाले, त्यांतले बहुतेक त्या एका राज्यात. तिथे अनेक वस्त्यांत समजूत होती की हे थेंब मुलांना नपुंसक करण्यासाठी आहेत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, कित्येक सक्तीने. ती आठवण त्या गल्ल्यांत जिवंत होती. लस देणारे पथक दारावर खडूने खूण करी: सर्व मुलांना थेंब मिळाले तर ‘पी’, एखादे राहिले तर ‘एक्स’. आरंभी एक्स म्हणजे विरोधक, असेच धरले जाई. मग एक्सची फोड करायला सुरुवात झाली: मूल गावाला गेले आहे, मूल बाहेर खेळते आहे, मूल आजारी आहे, आणि खरोखरचा नकार. नकाराच्या घरी त्याच मोहल्ल्यातली बाई परत जाई. इमाम आणि विद्यापीठांतली माणसे सोबत येत. ‘एवढे थेंब पाजता, मग आमच्या तापाला औषध का नाही?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न होता. तो ऐकून घेतला गेला आणि काही ठिकाणी थेंबांबरोबर आरोग्य शिबिरेही भरू लागली. नकार देणाऱ्या घरांची संख्या हळूहळू कमी होत गेली. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला.