फडाचा हजेरीपट



मी कामगार चळवळीतला माणूस. तमाशातील कलेची चिकित्सा विद्वानांनी करावी. मी बोलणार आहे ते फडाच्या हजेरीपटाविषयी. फडात कोण आला, कोण गेला आणि का गेला, एवढाच माझा विषय.

आपल्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात. आंबेगावकडची आणि दूरदूरची गावकरी मंडळी येऊन सुपारी ठरवतात. फलकावर नाव फडमालकाचे असते, पण कारभारी आधी विचारतात, "यंदा सोंगाड्या कोण?"

प्रश्न बरोबरच आहे. बतावणीतील सवाल-जवाब बहुधा कागदावर नसतात. ते दोघांच्या सरावाने बसलेले असतात. जोडीदार बदलला की हशा अर्ध्यावर येतो. ढोलकीवाला नवा आला की नाचणारीला पाऊल जपून टाकावे लागते.

मग माणसे जातात का? फड उभा राहतो उचलीवर. मालक कर्ज काढतो, त्यातून कलावंतांना आगाऊ रक्कम देतो. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत काम करून ती फेडायची. ऊसतोड मजुरांचीही हीच रीत. फेड अपुरी राहिली, तर दुसरा मालक बाकी भरून माणूस नेतो. लोक म्हणतात, अमक्याने फड बदलला. मला दिसते ते एवढेच, की त्याचे कर्ज एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले. मालकालाही मी सुखी म्हणत नाही. गाड्या, कनाती, जेवणखाण सारे त्याच्याच डोक्यावर.

घरातूनही फड फुटतात. नारायण खुड्यांचा फड भाऊ-बापू या मुलांकडे आला. भाऊंच्या कन्या विठाबाईंनी नारायणगावचे नाव गाजवले. पुढे त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड काढला. संगमनेरकडे तुकाराम खेडकर 1964 साली वारले. कांताबाई सातारकरांना तो फड सोडावा लागला आणि पुढे मुलगा रघुवीर याच्यासह त्यांनी नवा फड उभा केला. बाईने फड चालवावा हे तेव्हा किती जणांना रुचले असेल, कोण जाणे!

विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी 2002 साली त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस हलाखीचेच होते. ज्यांचे नाव फलकावर होते त्यांची ही गत. झीलकऱ्याचे काय सांगावे?

2020 आणि 2021 च्या जत्रा करोनाने बंद पडल्या. सुपाऱ्या थांबल्या, उचलीची बाकी वहीत राहिली. माझे म्हणणे इतकेच, की उचलीचा हिशेब दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांनी लिहावा. एक प्रत मालकाच्या पेटीत राहू द्या, दुसरी ढोलकीवाल्याच्या ट्रंकेत.