गरोदर व बाळंतीण स्त्रियांच्या अन्नाविषयीं
(समितीच्या सभेंत समितीच्या वतीनें वाचलेलें भाषण)



धान्य किती वांटलें, चारा कोठें पाठविला, हें अहवालांत यथास्थित येईल. आज आम्ही त्यांतील एकाच सदराविषयीं बोलणार आहों. गांवीं पाऊस न पडल्यामुळें पोटासाठीं या नवी मुंबईंत आलेल्या गरोदर व बाळंतीण स्त्रियांच्या अन्नाचें तें सदर होय.

1972 सालच्या दुष्काळांत मराठवाड्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें मुंबईच्या वाटेस लागलीं. पाऊस चुकला कीं ती वाट आजही वाहूं लागते. येथें बांधकामाच्या आवारांत पालें पडतात आणि घमेलें वाहणारी बाई सातव्या महिन्यांत आहे कीं आठव्या, हें मुकादम विचारीत नाहीं. तीही सांगत नाहीं. सांगितलें तर रोज बुडतो. जवळच वाशी-तुर्भ्याच्या पेठेंत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळें व भाजीपाला असे पांच घाऊक बाजार भरलेले आहेत. अन्न नाहीं असें या शहरांत कोणालाही म्हणतां येणार नाहीं. या बाईच्या ताटांत तें नाहीं, एवढेंच.

तिला अधिक लागतें तरी किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें 2020 सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार गरोदरपणीं रोज 350 उष्मांक अधिक लागतात, व अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने 600. हा आंकडा नीट ध्यानांत घ्यावा. मूल जन्मलें कीं आईची गरज संपली असें पुष्कळांस वाटतें. खरें पाहतां ती तेव्हांच वाढते. आई उपाशी असली तरी दूध बहुधा आटत नाहीं, पण तें तिच्या स्वतःच्या अंगांतून निघतें, आणि पुढल्या खेपेस ती अधिकच रोड होऊन गरोदर राहते.

पोटांतील मुलाला मात्र भूक थेट लागते. 1944-45 च्या हिवाळ्यांत हॉलंडमध्यें युद्धामुळें अन्न तुटलें. ज्या स्त्रियांचे शेवटचे तीन महिने त्या उपासमारींत गेले, त्यांचीं मुलें सरासरीनें सुमारें 300 ग्रॅम हलकीं जन्मलीं. परदेशाचें उदाहरण कशाला, असें कोणी म्हणेल, तर परळचें घ्या. 1928 सालीं डॉ. ल्यूसी विल्स या मुंबईस आल्या व हाफकिन संस्थेंत राहून त्यांनीं गिरण्यांतील गरोदर कामकरणींच्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध केला. हा रोग जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, आणि मार्माइट नांवाच्या स्वस्त यीस्ट-अर्कानें तो बरा होतो, असें त्यांनीं 1931 सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलिक अॅसिड म्हणून ओळखलें गेलें. आज जगभर गर्भिणीला जी गोळी देतात, तिचें एक मूळ असें आमच्या गिरणगांवांत आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील निम्म्याहून अधिक गर्भवती पंडुरोगी आढळल्या, याची आम्हांस लाज वाटते.

ती लोह-फोलिकची गोळी चौथ्या महिन्यापासून 180 दिवस, व बाळंतपणानंतर पुनः 180 दिवस, सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. ती चहाबरोबर घेऊं नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गर्भवतीला, व प्रसूतीनंतर सहा महिने, अंगणवाडींतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. पण परगांवच्या बाईस अंगणवाडी कोठें आहे हेंच ठाऊक नसतें. तिला हातीं धरून तेथें नेणें हें आमच्या स्वयंसेविकांचें पहिलें काम आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं.

समजुतींचा अडथळाही थोडा नाहीं. पोटभर खाल्लें तर मूल मोठें होऊन बाळंतपण अडेल, म्हणून घास आंखडणाऱ्या सासवा आम्ही पाहतों. पहिला चीक पिळून टाकणाऱ्याही आहेत, वास्तविक तोच बाळाचा पहिला रक्षक. अशा वेळीं वडीलधाऱ्या बाईस दोष देऊं नये. तिच्याशीं बसून बोलावें, तिच्याच हाळिवाच्या लाडवांची स्तुति करावी, मग ती ऐकते. खाडीकांठच्या गांवांतील सुकट-जवळा, शेवग्याचा पाला, नाचणी हीं स्वस्त असून गुणानें थोर आहेत.

आतां मागणें. 50 ग्रॅम शेंगदाणे व 30 ग्रॅम गूळ यांत गर्भिणीचे ते 350 उष्मांक भरून निघतात, शिवाय सुमारें 12 ग्रॅम प्रथिन मिळतें. बाळंतिणीला त्यावर एक ज्वारीची भाकरी अधिक. म्हणजे एका आईस महिन्याला दीड किलो दाणे व 900 ग्रॅम गूळ. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या व 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पालेभाजी, फळें व दूध यांचा खाऊ गर्भ राहण्यापूर्वीं तीन महिने सुरू झाला, तेथेंच मुलांचें वजन वाढलेलें दिसलें, आणि अगदीं कृश आयांना तेवढ्यानें गुण आला नाहीं. यास्तव नवविवाहित मुलींनाही आम्ही यादींत घेणार आहों, व कृश स्त्रियांना नुसता लाडू न देतां दोन वेळचें जेवण देणार आहों. खर्च वाढेल, हें उघड आहे.

पेठेंतील व्यापारी बंधूंनीं दाणे कोरडे व निवडलेले द्यावे. ओल लागलेले, बुरशी धरलेले दाणे घेतले जाणार नाहींत. त्यांतील विष यकृतास बाधतें. भाजण्या-कुटण्याचें काम समितीच्या भगिनी करतील. रोख रक्कम देणाऱ्यांनीं पावतीवर ‘माता-आहार’ असें लिहवून घ्यावें, म्हणजे ती दुसऱ्या खात्यांत जाणार नाहीं.