चौकशीपुढचे मौन

लहरीपुरा दरवाजातून पश्चिमेस बाहेर पडले म्हणजे जुने बडोदे मागे राहते. शहराबाहेर छावणीत १८७५ साली सरकारी कमिशन बसले. रेसिडेंट कर्नल फेर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आळ मल्हारराव गायकवाडांवर होता. महाराजांनी लेखी निवेदनाने तो नाकारला. त्यांचे चिटणीस दामोदरपंत यांनी मात्र कैदेत असता, माफीच्या वचनावर, कबुलीजबाब दिला! सहा सभासदांची मते दुभंगली. गैरकारभाराच्या नावाखाली गादी तेवढी गेली.

आज संविधानाचा अनुच्छेद २०(३) आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ देत नाही. परंतु चौकशीस बोलावलेला मनुष्य ‘आरोपी’ ठरतो काय? कंपनीच्या तपासणीसंबंधी १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले. चौकशी आयोगापुढील जबानी मात्र १९५२ च्या कायद्यान्वये साक्षीदारावर उलटविता येत नाही. ती खोटी असल्यास गोष्ट निराळी.