किल्ल्यांचा जुडगा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तू नेमकं करतोस काय?’ असं सकाळपासून चौघांनी विचारलं. मी डेटाबेस सांभाळतो. कंपनीच्या सगळ्या नोंदींचा राखणदार म्हणा.

आपल्या प्रयोगशाळेतल्या आम्लांच्या कपाटाची किल्ली आठवते? शिपाईकाका शाळेच्या सगळ्या खोल्या उघडायचे, पण ती एक किल्ली सरांच्याच खिशात असायची. त्यात काकांवर अविश्वास नव्हता. त्यांच्या कामाला ती लागतच नव्हती.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपर्यंत उलटं होतं. यंत्राच्या ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ गटात जो असेल, तो आपोआप डेटाबेसचाही सर्वाधिकारी. प्रिंटर जोडायला ज्याला गटात घेतलं, त्याला सगळ्यांचे पगार दिसत. बदलायचे म्हटले तर बदलताही येत. २००८ च्या आवृत्तीपासून हा गट आपोआप जोडला जात नाही, पण जुन्या सर्व्हरांवर तो राहून गेला.

एका कंपनीत मी नवा असताना हे पाहिलं आणि शनिवारी संध्याकाळी उत्साहाच्या भरात तो गट काढून टाकला. पुन्हा लॉगिन करायला गेलो, तर मीच बाहेर! माझाही प्रवेश त्याच गटातून होता. ‘एसए’ हे मूळ खातं आधीच बंद केलेलं. सोमवारी पगार व्हायचे होते. हातपाय गार पडले.

शेवटी सर्व्हर थांबवला, एजंट सेवा बंद ठेवली आणि एकाच वापरकर्त्याला जागा देणाऱ्या पद्धतीत तो सुरू केला. त्या स्थितीत यंत्राच्या ॲडमिनिस्ट्रेटरला सर्वाधिकार मिळतो. म्हणजे मागचं दार असतंच. पण त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागतो, आणि ते लपत नाही. नवा लॉगिन केला आणि रविवारी सकाळी साहेबांना सगळं खरं सांगितलं. पगार वेळेवर झाले. बोलणी मात्र खाल्ली.

आता आधी डेटाबेसवाल्यांचा वेगळा गट करतो, त्याला अधिकार देतो, दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करून पाहतो, बॅकअप कोणत्या खात्यावर चालतो ते तपासतो. जुना गट सगळ्यात शेवटी काढतो.

बाई, तुम्ही गणितात पायऱ्यांचे गुण कापायचात, तेव्हा राग यायचा. त्या शनिवारी माझं उत्तर बरोबर होतं, पायऱ्या चुकल्या होत्या. तुमची तेव्हा फार आठवण झाली.