हृदयाचा हिशेब आणि आमच्या माता-भगिनी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर, बँकेत नोंदी करण्यात निम्मी हयात गेलेली. तरी या विषयावर बोलण्यास उभे आहोत, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या वहिनी गेल्या. दोन दिवस पाठ भरून आली होती, मळमळत होते, जिना चढताना दम लागत होता. पित्त समजून आम्ही त्यांना लिंबू-सोडा दिला. छातीत कळ आली नाही, म्हणून हृदयाचा संशय कुणालाच आला नाही. तिसऱ्या पहाटे त्या संपल्या. वय अवघे ५३. त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे घरात एकालाही सांगता आले नाही.

त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती गोळा करू लागलो. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. कुणाला हृदयविकार होतो व का होतो, हे वर्षानुवर्षे टिपले गेले. अशा नोंदींतूनच पुढे धोका मोजण्याची गणिते तयार झाली. आज ती संगणकावर व मोबाईलवर फुकट मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ४० ते ७४ वयासाठी तक्ते काढले. त्यांत आपल्या दक्षिण आशियाचा तक्ता वेगळा आहे. रक्ततपासणी झाली नसेल तरी वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंची-वजन एवढ्यावर तो चालतो. इंग्लंडचे 'क्यूरिस्क ३' माणूस भारतीय वंशाचा आहे काय, हेही विचारते. अमेरिकेचे २०२३ चे 'प्रिव्हेंट' मूत्रपिंडाचे कार्य विचारते, आणि तरुण वयात पुढील ३० वर्षांचाही धोका सांगते.

उत्तर टक्क्यांत येते. १० टक्के म्हणजे तशा १०० बायकांपैकी सुमारे १० जणींना येत्या १० वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होण्याचा संभव. ते भविष्य नव्हे, अंदाज होय.

एके रात्री आम्ही पत्नीला समोर बसवून माहिती भरू लागलो. रक्तदाब किती? "ठाऊक नाही." कोलेस्टेरॉल? "कधी तपासलेच नाही." विडी-सिगारेट? "छे! काहीतरीच काय?" पण सकाळ-संध्याकाळ मशेरी चालू होती! मशेरीही तंबाखूच, तिनेही हृदयाला अपाय होतो. परंतु या गणितांत सिगारेटचा रकाना आहे, मशेरीचा नाही. गरोदरपणी रक्तदाब किंवा साखर वाढली होती काय, पाळी अकाली गेली काय, हेही बहुतेक गणिते विचारीत नाहीत. वास्तविक या गोष्टींनी पुढे स्त्रीच्या हृदयाचा धोका वाढतो.

आम्हां बँकवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. व्हाउचर चुकले की शिल्लक चुकते. यंत्राचा त्यात दोष नसतो. आमच्या बायकांच्या बाबतीत तर व्हाउचरच कोरे! घरातील पुरुषाचा रक्तदाब नोकरीच्या तपासणीत तरी मोजला जातो. तिचा मात्र शेवटच्या बाळंतपणानंतर कुणी मोजलेलाच नसतो.

दुसऱ्या दिवशी पत्नीला सरकारी आरोग्य केंद्रात नेले. ३० वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब व साखर तेथे मोफत तपासतात. निरनिराळ्या दिवशी तीनदा मोजले. तिन्ही वेळा वरचा आकडा १५० च्या पुढे. तिला स्वतःला काहीच जाणवत नव्हते. आज गोळी चालू आहे, मशेरी सुटली आहे. वहिनींसाठी आम्ही एवढेही केले नाही, हे शल्य मात्र जात नाही.

दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. वय कमी असले की १० वर्षांचा आकडा लहानच येतो. त्यावर निर्धास्त राहू नये, तो डॉक्टरांना दाखवावा. आणि छाती, पाठ, जबडा किंवा हात भरून येऊन दम लागला, घाम सुटला, तर मोबाईलवर गणित करीत बसू नये. थेट १०८ ला फोन करावा.

शेवटी एक सूचना मांडतो. दर पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. तेथे रक्तदाबाचे एक यंत्र ठेवू, आणि प्रत्येक भगिनीच्या नावे एक वही उघडू. रक्तदाब, साखर, वजन, मशेरी, बाळंतपणातील त्रास, आई-वडिलांना कमी वयात आलेला झटका, सारे त्यात लिहू. पैशांचे पासबुक आपण जपतोच. हेही जपू या. यंत्राचा पहिला हप्ता म्हणून आमचे एका महिन्याचे वाहनभत्त्याचे पैसे आम्ही आजच चिटणिसांकडे देत आहोत.