कातिबाचा मान



फारसी सुलेखनाची परिषद चौलला कशाला, पोथ्या तर पुण्या-मुंबईत आहेत, असं मला विचारलं गेलं. पोथ्या तिकडे आहेत हे खरंच. पण होर्मुझचे घोडे या खाडीत उतरायचे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला आणि घोडा घेऊन जुन्नरला गेला. त्याच समुद्रमार्गाने इराणचे मुन्शी, हकीम, शायर दख्खनच्या दरबारांत येत राहिले. तेव्हा यजमानपणाचा आमचा हक्क जुना आहे.

उद्या ज्या पोथीवर चर्चा आहे, ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे : आफताबी या कवीची 'तारीफ-इ-हुसेनशाही'. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची आणि 1565च्या तालिकोटच्या लढाईची ही काव्यमय स्तुती. मुळातल्या 14 चित्रांपैकी 12 उरली आहेत. त्यांतल्या काही चित्रांतून राणी खुंजा हुमायूनची आकृती कुणीतरी खरवडली, नाहीतर रंगाखाली दडपली. मुलगा मुर्तजाने आईला कैदेत टाकलं होतं, त्याचाच हा परिणाम असावा, असं अभ्यासक मानतात. हाच मुर्तजा 1570-71मध्ये पोर्तुगिजांच्या रेवदंड्याला महिनोन्‌महिने वेढा घालून बसला होता. चित्रातली राणी गेली, पण काव्यातलं तिचं वर्णन आजही वाचता येतं.

तरीही आपण सगळे चित्रंच बघतो. अक्षराकडे 'मजकूर' म्हणून काणाडोळा करतो. मला हे पटत नाही. त्या काळच्या दरबारांत कातिबाचा, म्हणजे पोथी लिहिणार्‍याचा, मान चितार्‍याच्या वर होता. अकबराने काश्मीरच्या मुहंमद हुसेनला 'जर्रीं कलम' असा किताब दिला, तो त्याच्या अक्षरासाठी.

आणि काम तरी किती नेटाचं! आधी कागदाला खळ द्यायची, मग अकीक दगडाने घोटून तो गुळगुळीत करायचा. त्याखाली 'मिस्तर' ठेवायचा, म्हणजे ताणून दोरे बसवलेला पुठ्ठा. बोटाने दाबलं की कागदावर दोर्‍यांच्या वळ्या उठतात. झाल्या रेघा, शाईचा थेंबही न लागता. बोरूचं टोक तिरकं छाटायचं आणि त्या टोकाने एक ठिपका टेकवायचा. तो ठिपका हेच माप : नस्तालीक या फारसी लेखनशैलीत अलिफ हे अक्षर साधारण तीन ठिपक्यांइतका उंच. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, ही फारसी अक्षरं उजवीकडून डावीकडे उतारावरून घसरत येतात आणि तरी ओळीत बसतात. लिहून झाल्यावर राखलेल्या मोकळ्या जागेत चितारी हात घालणार, सोन्याचं काम करणारा समास सजवणार. काजळीची शाई मात्र त्याआधीच वाळलेली असे.

माझा धंदा सुपारीच्या वाडीचा. फारसी मला वाचता येत नाही. पण मोडीचे जुने कागद घरात आहेत, त्यामुळे बोरूचा फटकारा ओळखता येतो. शाळेतल्या मुलांनाही तो कळावा म्हणून उद्या दुपारी बोरू छाटण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं आहे. चाकू आपापला आणू नका, आम्ही देऊ. निबंधवाचकांनी वेळ पाळावा, एवढी विनंती. रात्री वाडीत पोपटी लावली आहे आणि भांबुर्डीच्या पाल्यातल्या वालाच्या शेंगा गरम असतानाच खायच्या असतात.